आडनावाच्या जागी आकडा

१९४१ पर्यंत ब्रिटिश लष्करात अधिकारी निवडायची रीत फार सुटसुटीत होती. उमेदवार खोलीत येई. टेबलापलीकडे बसलेले दोन-तीन वरिष्ठ अधिकारी विचारत, शाळा कुठली, वडील काय करतात, खेळ कुठला, घोड्यावर बसता येतं का. पंधरा-वीस मिनिटांत निकाल लागे. माणूस समोर आला की त्याचं पाणी कळतं, अशी या मंडळींची खात्री होती. शांततेच्या काळात या खात्रीची परीक्षा कधी झालीच नाही. मोजक्या शाळांतली, मोजक्या घरांतली मुलं घ्यायची, तर चुकायला वाव तरी किती?

युद्धाने ही घडी मोडली. डंकर्कहून माघार घेतल्यानंतर फौज झपाट्याने वाढू लागली आणि बड्या शाळांतली मुलं पुरेनात. आता समोर येऊ लागले कारकून, मास्तर, दुकानदारांची पोरं. त्यांचे उच्चार वेगळे, आवडीनिवडी वेगळ्या. कर्नलसाहेबांना त्यांच्यातलं काही उमजेना. निवडलेले उमेदवार प्रशिक्षण केंद्रांतून मोठ्या संख्येने नापास होऊन परत येऊ लागले, काही तर ताण न झेपून थेट रुग्णालयात पोचले. दुसरीकडे, कर्तबगार शिपाई अर्जच करेनात. तिथे आपल्यासारख्याचं काय काम, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. कुरबूर पार्लमेंटपर्यंत गेली. १९४१ च्या जूनमध्ये सर रोनाल्ड अ‍ॅडम लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल झाले. माणसांची भरती, नेमणूक, कल्याण हे सगळं त्यांच्या अखत्यारीत आलं, आणि मनोविकारतज्ज्ञांचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी ते नव्हते.

निवडीच्या नव्या पद्धतीचा नमुना मात्र शत्रूच्या घरातून आला. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाची फौज आणि चार हजार अधिकारी एवढीच मुभा दिली होती. जागा थोड्या, इच्छुक भरपूर. म्हणून तिथल्या लष्कराने विसाच्या दशकातच निवडीचं काम मानसशास्त्रज्ञांकडे सोपवलं. माक्स सिमोनाइट हे त्या यंत्रणेचे पुढे प्रमुख झाले. उमेदवाराला दोन-तीन दिवस ठेवून घेत. त्याची जीवनकथा विचारत, हस्ताक्षर तपासत, अनोळखी शिपायांची तुकडी हाताखाली देऊन एखादं काम करवून घेत, गोलाकार बसवून चर्चा करायला लावत. विजेचा झटका बसत असतानाही स्प्रिंग ओढत राहायला सांगायचं आणि लपवलेल्या कॅमेऱ्याने चेहरा टिपायचा, असाही एक प्रकार होता. यामागे जर्मन मानसशास्त्रातली एक पक्की धारणा होती. व्यक्तिमत्त्व हा सुट्या गुणांचा हिशेब नव्हे. तो एक अखंड आकार आहे, आणि जाणत्या नजरेने माणूस कामात असताना पाहिला तरच तो दिसतो. हीच यंत्रणा जर्मनांनी १९४२ मध्ये मोडीत काढली. कारणं अनेक सांगितली जातात. पूर्व आघाडीवर अधिकारी ज्या वेगाने मरत होते त्या वेगाने निवडायला फुरसत कुणाला होती, हे त्यातलं पटण्याजोगं.

ब्रिटनचे सर अँड्र्यू थॉर्न तिशीच्या दशकात बर्लिनच्या ब्रिटिश वकिलातीत लष्करी प्रतिनिधी होते. ही पद्धत त्यांनी जवळून पाहिली होती. १९४१ मध्ये ते स्कॉटलंडच्या लष्करी विभागाचे प्रमुख झाले आणि एडिंबरामध्ये त्यांनी एरिक विटकोवर आणि फर्ग्युसन रॉजर या दोन मनोविकारतज्ज्ञांना प्रयोगाला मोकळीक दिली. विटकोवर स्वतः बर्लिनहून आलेले निर्वासित ज्यू. आधी हाती असलेल्या अधिकाऱ्यांवर चाचण्या करून पाहिल्या. तज्ज्ञांचं मत आणि त्यांच्या वरिष्ठांनी महिनोन् महिने पाहून बनवलेलं मत बरंच जुळलं. १९४२ च्या सुरुवातीला एडिंबरात पहिलं निवड मंडळ बसलं, आणि तिथे विल्फ्रेड बियन दाखल झाले.

बियनचा जन्म मथुरेचा, १८९७ सालचा. वडील कालव्यांच्या कामावरचे इंजिनिअर. आठव्या वर्षी मुलाला विलायतेच्या शाळेत धाडलं आणि पुन्हा त्याचे पाय भारताला लागले नाहीत. आयुष्याच्या शेवटी मुंबईतल्या मनोविश्लेषकांच्या निमंत्रणावरून येण्याचा बेत ठरला होता, पण त्याआधीच, नोव्हेंबर १९७९ मध्ये, ते गेले. पहिल्या महायुद्धात विशीतल्या बियनने रणगाड्यांची तुकडी चालवली, कांब्रेच्या लढाईत शौर्यपदक मिळवलं, आणि लढाईत माणसांचं काय होतं ते पाहिलं. पुढे डॉक्टर, मग लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ. धैर्य म्हणजे काय यावर खुर्चीत बसून बोलणारे तज्ज्ञ पुष्कळ असतात; हा माणूस त्यातला नव्हता.

जर्मन पद्धतीत उमेदवाराला नेता नेमून पाहत. बियनने नेमणूकच काढून टाकली. आठ-दहा अनोळखी माणसं, समोर एक अडचण, हातात दोरखंड आणि ओंडके, आणि पुढारी कोण याबद्दल एक अक्षर नाही. काम दिखाऊ होतं. ओढा ओलांडला की नाही याला परीक्षक फारसे विचारत नसत. प्रत्येकाला स्वतः चमकायचं आहे, पण इतरांना बरोबर घेतल्याशिवाय काम होणार नाही. या कोंडीत माणूस शेजाऱ्याशी कसा वागतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. १९४६ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात लिहिलेल्या लेखात बियनने ही कोंडीच खरी चाचणी असल्याचं स्पष्ट केलं. माझ्या मते व्यक्तिमत्त्व मापनाच्या सगळ्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी धूर्त युक्ती दुसरी नाही. नेतृत्व हा माणसाच्या आत दडलेला गुण नसून माणसामाणसांत घडणारी गोष्ट आहे, असा एक आख्खा सिद्धान्त त्या ओंडक्यांत बांधलेला होता. बियनचे सहकारी एरिक ट्रिस्ट हे समूहाच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कुर्ट लेविनच्या विचारांनी भारलेले होते, हेही इथे आठवावं.

मैदानाखेरीज लेखी भाग होता, आणि तो वेगळ्या घराण्याचा. शब्द दाखवायचा आणि मनात येईल ते लिहायचं, ही चाल कार्ल युंगची. विसाव्या शतकाच्या आरंभी झुरिकच्या बुर्गहोल्त्स्ली रुग्णालयात त्याने शंभर शब्दांची यादी आणि सेकंदांचं घड्याळ घेऊन रुग्णांवर हा प्रयोग केला. जिथे उत्तराला वेळ लागतो तिथे काहीतरी दुखतं आहे, असा त्याचा तर्क. अस्पष्ट चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावायची, ही रीत हार्वर्डच्या हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांची, १९३५ सालची. गोष्टीचा नायक म्हणजे सांगणारा स्वतः, आणि नायकाला जे हवं असतं तेच सांगणाऱ्याला हवं असतं, असं गृहीत धरून मरेने माणसाच्या मूळ गरजांची जंत्रीच केली. यश हवं, माणसं हवीत, सत्ता हवी, आधार हवा. १९४३ मध्ये ही चाचणी हार्वर्डने छापली तेव्हा तिच्यावर एकट्या मरेचं नाव होतं. माणसांच्या सुप्त इच्छा वाचणाऱ्या चाचणीने आपल्याच घरातल्या बाईचं नाव गाळावं, हे बोलकं आहे.

एडिंबरातली मंडळी उमेदवाराला स्वतःविषयी दोन वर्णनंही लिहायला लावत, एक जिवलग मित्राने केलेलं, दुसरं कठोर टीकाकाराने. उमेदवार एखाद्या बंगल्यात तीनेक दिवस राहत, तिथेच जेवत, तिथेच झोपत. दंडावर किंवा अंगावर आकडा. हुद्दा झाकलेला, नाव पुसलेलं.

चर्चिलना हे सगळं मुळीच रुचलं नाही. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांनी एका टिपणात या मनोविकारतज्ज्ञांना आवर घालायला सांगितलं. सुदृढ माणसांना नको ते प्रश्न विचारून ते अपाय करतात, असं त्यांचं म्हणणं. तज्ज्ञांच्या मुलाखतींवर बंधनं आली. लैंगिक आयुष्य आणि धर्म हे विषय वर्ज्य ठरले. गंमत अशी की ज्यांच्यावर हे प्रयोग चालले होते त्या शिपायांना पद्धत आवडली होती. नापास झालेलेही म्हणत की निदान आम्हाला कुणी नीट पाहिलं तरी. अर्जांची संख्या वाढली.

हीच कल्पना अटलांटिक ओलांडून गेली. अमेरिकेच्या युद्धकालीन गुप्तहेर संघटनेने १९४३ च्या अखेरीस व्हर्जिनियातल्या एका जुन्या वाड्यात केंद्र थाटलं. प्रमुखांत खुद्द मरे. तिथला थाट काही औरच! उमेदवाराने टोपणनावाने यायचं, खोटी जीवनकथा सांगायची आणि तीन दिवस ती सांभाळायची. सर्वांना एकसारखे लष्करी कपडे. एका चाचणीत लाकडी दांडे आणि खुंट्या देऊन मोठा सांगाडा उभा करायला सांगत. वेळ दहा मिनिटं, मदतीला दोन गडी. एक गडी आळशी, सांगितल्याशिवाय हलायचा नाही. दुसरा वाचाळ, टोमणे मारून उमेदवाराची सालटी काढायचा. दोघेही केंद्राचेच नोकर. तो सांगाडा वेळेत कधीच कुणाकडून पूर्ण झाला नाही, आणि व्हावा अशी अपेक्षाही नव्हती. चिडलेला माणूस कसा दिसतो ते पाहायचं होतं. अशा केंद्रांतून पाच हजारांवर माणसं तपासली गेली. युद्धानंतर १९४८ मध्ये या मंडळींनी आपल्या कामावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात स्वतःच कबूल केलं की आपल्या अंदाजांचा आणि प्रत्यक्ष कामगिरीचा मेळ बेताचाच बसला. याला एक साधं कारण होतं. माणूस निवडताना तो ब्रह्मदेशच्या जंगलात जाणार की वॉशिंग्टनच्या कचेरीत, हेच परीक्षकांना ठाऊक नसे.

आता भारत. इथे ब्रिटिशांजवळ व्यक्तिमत्त्वाचा एक सिद्धान्त आधीपासून होता, फक्त त्याला कुणी मानसशास्त्र म्हणत नसे. अमुक जमाती लढाऊ, तमुक नव्हेत. धैर्य रक्तातून येतं. याच हिशेबात १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, कंपनीच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या लढलेल्यांची! गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या, पण दार उघडलं ते युद्धाच्या गरजेने. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी आंबेडकरांनी सरकारदरबारी रेटा लावला होता. सैनिकांची भरती तरीही पलटणींच्या जुन्या जातवार साच्यातच चालू राहिली. अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र साचा अपुरा पडला. भारतीय फौज वीस लाखांच्या पलीकडे चालली होती, गोरे अधिकारी पुरत नव्हते, आणि शिकलेले भारतीय तरुण साहेबाला ओळखीचे वाटतील अशा घरांतून येत नव्हते. १९४३ मध्ये डेहराडूनला एडिंबराच्या धर्तीवर प्रायोगिक मंडळ बसलं. गोऱ्या साहेबाला मद्रासचा वकिलाचा मुलगा आणि पंजाबचा जमीनदाराचा मुलगा यांच्यात तुलना करायची होती. ओळखीची एकही खूण कामाची उरली नव्हती, तिथे आकडा आणि ओंडका कामाला आले.

साहेब गेला, मंडळ राहिलं. १९४९ मध्ये त्यातून मानसशास्त्रीय संशोधन विभाग निघाला, १९६२ मध्ये त्याचं संचालनालय झालं, आणि १९८२ पासून दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था म्हणून ते काम चालू आहे. खडकवासल्याला जायचं असो की डेहराडूनला, वाट सेवा निवड मंडळाच्या पाच दिवसांतूनच जाते. महाराष्ट्रात या पाच दिवसांना सगळे नुसतं ‘एसएसबी’ म्हणतात. राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती मुलांना एनडीएच्या परीक्षेला आणि या पाच दिवसांना तयार करण्यासाठीच. नाशिक रोडलाही छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. खासगी क्लासांची तर गणतीच नको.

आजची एसएसबी पाहिली की जुनी वंशावळ ओळीने दिसते. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद: हा युंग. बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं: हा मरे, त्याच्या मूळ संचातही एक कोरं कार्ड होतं. आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात ते लिहा: हे एडिंबरातल्या मित्र-टीकाकाराचं देशी रूप. मैदानावर जीटीओ, म्हणजे गटचाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, देखरेखीखाली फळ्या, पिंपं आणि दोरखंड घेऊन चालणारा खेळ हा थेट बियनचा. आणि छातीवरचा आकडा, ज्याला मुलं ‘चेस्ट नंबर’ म्हणतात आणि परत आल्यावर वर्षानुवर्षं विसरत नाहीत. हिंदुस्थानात आडनाव ऐकलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात निम्मा निकाल लागतो. तिथे पाच दिवस कुणी तुम्हाला चौदा नंबर म्हणून हाक मारतं, ही गोष्ट मला त्या सगळ्या चाचण्यांपेक्षा मोठी वाटते. अर्थात मुलाखतीआधी भरायच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न विचारतातच. जुनी सवय पूर्ण गेलेली नाही.

या मैदानातून परतलेल्यांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे ए. पी. जे. अब्दुल कलाम. १९५८ मध्ये हवाई दलासाठी ते डेहराडूनला गेले. पंचवीस उमेदवार, जागा आठ, कलाम नववे. ‘अग्निपंख’ मराठीत घरोघर वाचलं गेलं, त्यामुळे हृषीकेशला स्वामी शिवानंदांना भेटल्याची पुढची हकीकत सर्वांना पाठ आहे. त्याच जागी त्यांनी सहज एक निरीक्षण नोंदवलं आहे, की तिथे बुद्धीपेक्षा व्यक्तिमत्त्वावर भर होता. बहुधा अंगाची तंदुरुस्ती आणि चटपटीत बोलणं त्यांना हवं असावं. रामेश्वरमच्या या लाजऱ्या इंजिनिअरला मंडळाने चूक वाचलं असं म्हणण्याचा मोह होतो, पण तसं म्हणता येत नाही. लढाऊ वैमानिक म्हणून ते कसे ठरले असते हे कुणाला ठाऊक? मंडळाने त्या एका कामापुरतं उत्तर दिलं होतं.

या पद्धतीला खरा धक्का दिला तो एकवीस वर्षांच्या डॅनियल कानेमनने. १९५५ मध्ये तो इस्रायली लष्करात मानसशास्त्र विभागात होता. तिथे अधिकारी निवडायला ब्रिटिशांकडून घेतलेला तोच खेळ चाले. आठ उमेदवार, खांद्यावरचे हुद्दे काढलेले, अंगावर आकडे; एक लांब ओंडका घेऊन सहा फुटी भिंत ओलांडायची, ओंडका जमिनीला किंवा भिंतीला लागता कामा नये. कानेमन आणि त्याचा सहकारी पाहत बसत. कोण पुढे येतो, कोण रुसतो, कोण दमलेल्याला हात देतो, सगळं लख्ख दिसे, आणि कोण पुढे उत्तम अधिकारी होईल हेही. काही महिन्यांनी प्रशिक्षण शाळेकडून निकाल कळत. यांचे अंदाज आणि ते निकाल यांत जवळजवळ काही संबंध नसे. त्याहून नवल म्हणजे, हे कळल्यावरही दुसऱ्या दिवशी मैदानावर तीच खात्री पुन्हा तशीच वाटे. त्याने तिला प्रामाण्याचा भ्रम असं नाव दिलं. पुढे नोबेलपर्यंत गेलेल्या त्याच्या संशोधनाचं बीज तिथे पडलं.

मग सैनिकांच्या नेमणुकीसाठी त्याने वेगळी मुलाखत रचली. सहा गुण, प्रत्येकाला ठरलेले प्रश्न, एकाचे गुण देऊन मगच पुढचा गुण; एकंदर मत बनवायचंच नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी बंड केलं, आम्हाला यंत्रमानव करून टाकता म्हणाले. कानेमनने तडजोड केली. सगळे आकडे लिहून झाल्यावर डोळे मिटा, हा सैनिक म्हणून कसा असेल ते मनात आणा, आणि त्यालाही एक आकडा द्या. नवी मुलाखत जुनीपेक्षा चांगली ठरली. आणि डोळे मिटून दिलेला तो शेवटचा आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. म्हणजे जाणती नजर अगदीच निरर्थक नव्हती. तिला आधी मान खाली घालून हिशेब करायला लावणं भाग होतं.

तोवर मानसशास्त्रात दुसरा प्रवाह जोरात होता. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द गोळा केले होते. कॅटेलने ते गाळत सोळा घटकांवर आणले, आणि त्या गाळणीतूनच आज सर्वत्र ऐकू येणारे पाच मोठे गुण निघाले. प्रश्नावली द्यायची, बेरीज करायची, आलेख काढायचा. अखंड आकार पाहणारे आणि गुणांची बेरीज करणारे यांचं भांडण रंगात आलेलं असताना १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने दोघांच्याही पायाखालची सतरंजी ओढली. परिस्थिती बदलली की तोच माणूस वेगळा वागतो, आणि एका चाचणीवरून दुसऱ्या ठिकाणचं वर्तन फार थोडं सांगता येतं, असं त्याने पुराव्यानिशी मांडलं. एकाच माणसाला अनेकदा, अनेक प्रसंगांत पाहिलं तर सातत्य दिसतं, हा त्याला पुढे मिळालेला जबाब. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं मानून तो वाद आता निवला आहे.

उद्योगांनी मात्र बियनचा वारसा निर्धास्तपणे उचलला. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीत डग्लस ब्रे यांनी १९५६ पासून तरुण व्यवस्थापकांना अशाच चाचण्यांतून नेलं, आणि निकाल कंपनीपासून कुलूपबंद ठेवले, म्हणजे त्यांचा बढत्यांवर परिणाम होऊ नये. काही वर्षांनंतर ताडून पाहिलं तेव्हा अंदाज बऱ्यापैकी खरे निघाले होते. काम कोणतं हे आधी ठाऊक असलं की ओंडक्याचा खेळही बोलू लागतो.

आपल्याकडच्या मंडळात एक गोष्ट मुळातच शहाणपणाची आहे. मानसशास्त्रज्ञ, जीटीओ आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघं पाच दिवस आपापलं मत आपल्यापाशीच ठेवतात. बोलतात ते शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये. मानसशास्त्रज्ञ तर उमेदवाराला तोवर समोरासमोर पाहतही नाही, नुसतं त्याचं लिखाण वाचतो. एकाच्या मताची सावली दुसऱ्यावर पडू द्यायची नाही, हा नियम कानेमनच्या कितीतरी आधीपासून इथे पाळला जातो. दुबळी बाजू आहे ती लेखी चाचण्यांची. मरेला चित्रातल्या नायकाच्या तोंडून मनातलं ऐकायचं होतं. आता पुण्या-नाशिकच्या क्लासमध्ये नायकाचं वय, त्याचा पेशा, त्याने गावात काढलेलं वाचनालय हे सगळं आधी तयार असतं, आणि शब्द कोणताही येवो, वाक्य आशावादीच निघतं. परीक्षकांनाही ते ठाऊक असतं. मैदानावर तिसऱ्या दिवशी दोरी हातातून निसटल्यावर मात्र पाठांतर फारसं कामी येत नाही, आणि म्हणूनच मला या सगळ्यात बियनचा भाग सर्वांत टिकाऊ वाटतो.

नापास झालेल्याला कारण सांगत नाहीत. निवडलेल्यांचे आकडे पुकारले जातात, बाकीच्यांनी आपले आकडे उतरवून स्टेशन गाठायचं. पण पुन्हा यायला बंदी नाही. चार-चार, सहा-सहा वेळा परत पाठवलेली मुलं पुढच्या खेपेला ‘रेकमेंड’ होतात आणि पुढे उत्तम अधिकारीही होतात. ज्या चाचण्या माणसाच्या तळाशी असलेलं, न बदलणारं काही दाखवतात म्हणून स्वीकारल्या गेल्या, त्या चालवणारी संस्थाच त्याच मुलाला सहा महिन्यांनी नवा आकडा देते आणि पहिल्यापासून बघायला लागते.